ठाण्यातून कोळसा खाणीवर: पाण्याच्या देखरेखीला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

ठाणे जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. तरीही वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या प्रयोगशाळांत आणि पर्यावरण सल्लागारांच्या ऑफिसांत रुजू होणारी अनेक मुलंमुली पहिल्याच वर्षी चंद्रपूर, वणी, घुग्घुस, उमरेड या भागांतल्या उघड्या खाणींवर पाण्याचे नमुने घ्यायला जातात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बाटली कशी भरायची हे एका दुपारी शिकता येतं. ती कुठे, केव्हा आणि कशासाठी भरायची हे कळायला वेळ लागतो, आणि काम बिघडतं ते बहुतेक तिथेच. खाणीच्या उताराला ज्यांची विहीर आहे, त्यांच्या हातात आपल्या अहवालाशिवाय दुसरा पुरावा नसतो. म्हणून हे काम नीट व्हायलाच हवं.

निघण्याआधी, ठाण्यातच

पहिल्यांदा कागद वाचा. खाणीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून मिळालेली पर्यावरण मंजुरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र आणि भूजल उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र, या तिन्हींच्या प्रती मागवून घ्या. त्यांतल्या पाण्याविषयीच्या अटी वहीत स्वतःच्या हाताने उतरवा. कुठले घटक, किती दिवसांनी, किती विहिरी, किती पिझोमीटर (भूजल तपासायला खास बसवलेल्या नळ्या), सोडलेलं पाणी कुठे जाणार, हे सगळं त्यात असतं. जुना अहवाल समोर ठेवून त्याच जागी तेच नमुने घेत राहण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मंजुरीनंतर खाण वाढलेली असते, नाला वळवलेला असतो आणि नमुन्याची जागा मात्र तीच राहते.

राष्ट्रीय पातळीवरची मर्यादाही माहीत हवी. कोळसा खाणींतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची मानकं २००० साली पर्यावरण संरक्षण नियमांत आली. त्यांनुसार पीएच ५.५ ते ९.०, तरंगते घन पदार्थ १०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत (पाणी शेतीला देणार असाल तर २००), तेल व ग्रीस १० आणि नायट्रेट नायट्रोजन १०. संमतिपत्रात याहून कडक आकडा असेल तर तो पाळायचा.

मग भूशास्त्र. आपण इथे बेसॉल्टवर वाढलेलो असतो. पारसिकच्या डोंगरात किंवा येऊरला पाणी कातळाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि शेजारची कोरडी जाते. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना खडकांत, बाराकर थरांत आहे. त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि वर काळी माती. वालुकाश्म कणांमधल्या पोकळ्यांत पाणी धरून ठेवतो. खाणीचा खड्डा त्याच्याखाली गेला आणि उपसा सुरू झाला की भूजलाची पातळी खड्ड्याच्या दिशेने उतरू लागते आणि तो उतार खाणीच्या हद्दीबाहेर पसरतो. बेसॉल्टचा अनुभव घेऊन तिकडे गेलात तर लांबच्या विहिरीचा खाणीशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. वालुकाश्मात तो संबंध असू शकतो.

हात बसवायला इथे जागा भरपूर आहेत. वागळे इस्टेटजवळच्या रायलादेवी तलावावर विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहता भरायचा सराव करा. ठाणे खाडीवर भरती-ओहोटीच्या वेळी विद्युत वाहकतेचा (पाण्यात क्षार किती ते सांगणारा) मीटर धरून बसा. एकाच जागचा आकडा काही तासांत किती हलतो ते डोळ्यांनी दिसेल, आणि नमुन्यावर वेळ लिहायचा कंटाळा कायमचा जाईल. पावसाळ्यात येऊरच्या छोट्या ओढ्यांवर प्रवाह मोजता येतो. तुर्भे-दिघा पट्ट्यातल्या बंद दगडखाणींत साचलेल्या पाण्याजवळ मात्र सरावासाठी उतरू नका. कडे उभे असतात आणि खोली कळत नाही.

आधी चालायचं, मग बाटली उघडायची

खाणीवर पहिला दिवस नमुन्यांचा नाही. खाणीचा आराखडा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन पाण्याच्या वाटेने चाला. सोबत सर्व्हेअर किंवा पंपावरचा जुना माणूस असेल तर उत्तम. पाणी कुठे साचतं आणि पहिल्या मोठ्या पावसात कुठून फुटतं, हे पंपवाल्याला आराखड्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

उघड्या खाणीवर पाण्याच्या वेगवेगळ्या जाती एकत्र नांदतात. खाणीबाहेरच्या न उकरलेल्या जमिनीवरून वाहत येणारं पावसाचं पाणी स्वच्छ असतं. खड्ड्याच्या तळाशी, संपमध्ये (पाणी गोळा करायच्या खोलगट जागेत) साचलेलं पाणी म्हणजे थोडा पाऊस आणि थोडं खडकातून झिरपलेलं. ओव्हरबर्डनच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगांवरून, म्हणजे ओबी डंपवरून, मातकट पाणी उतरतं. वर्कशॉपमध्ये डंपर-शॉवेल धुतलेल्या पाण्यात डिझेल आणि ग्रीस असतं. शिवाय कॉलनीचं सांडपाणी.

पाणी जपण्याचं निम्मं काम एवढंच आहे: स्वच्छ पाणी घाण पाण्यात मिसळू द्यायचं नाही. खाणीच्या आणि डंपच्या वरच्या अंगाने खोदलेला गारलँड ड्रेन त्यासाठीच असतो. तो बाहेरचं पाणी खड्ड्यात उतरू न देता वळसा घालून नाल्यात नेऊन सोडतो. डंपच्या पायथ्याशी टो वॉल (घसरणारी माती अडवणारी भिंत) आणि त्याला लागून वेगळा ड्रेन असतो. तो मातकट पाणी गाळाच्या तळ्याकडे नेतो. हे दोन ड्रेन कुठे एकमेकांना मिळालेले आढळले तर दिवसभराच्या पाहणीतली ती सर्वांत महत्त्वाची नोंद समजा. फोटो काढा, अक्षांश-रेखांश घ्या. मिसळलेलं पाणी पुन्हा वेगळं करता येत नाही, आणि गाळाच्या तळ्यावर नको इतका भार येतो.

वर्कशॉपचं पाणी आधी तेल-ग्रीस ट्रॅपमधून जातं का, तेही बघा. ट्रॅप कागदावर सगळीकडे असतो. शेवटचा कधी साफ केला ते विचारा आणि झाकण उघडून बघा.

जागा ठरवताना

नदी-नाल्यावर कमीत कमी दोन जागा हव्यात: खाणीचं पाणी मिळण्याच्या वर एक आणि खाली एक. खालची जागा अगदी तोंडाशी नको. तिथे दोन पाणी शेजारी-शेजारी वाहत असतात, एका काठाला गढूळ आणि दुसऱ्या काठाला नितळ. मिसळण पूर्ण झाली की मग बिंदू घ्या. मध्येच दुसरा नाला किंवा गावाचं सांडपाणी मिळत असेल तर त्याच्या आधी आणखी एक बिंदू वाढवा, नाहीतर बदल कुणामुळे झाला ते कधीच सांगता येणार नाही. घुग्घुस-वणी भागात वर्धा आणि पैनगंगा एकमेकींना मिळतात. तिथे संगमाच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी यांची थेट तुलना करून चालत नाही.

भूजलासाठी गावच्या वापरातल्या विहिरी आणि खास बांधलेले पिझोमीटर, दोन्ही लागतात. पिझोमीटर उपशाच्या विहिरीपासून किमान ५० मीटर दूर असावा असं केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. विहिरी निवडताना उताराच्या वरच्या बाजूची निदान एक घ्याच. खाणीचा परिणाम पोहोचत नाही अशी विहीर सोबत नसेल, तर पाऊस कमी झाल्याने उतरलेलं पाणी आणि खाणीने उतरवलेलं पाणी यांतला फरक दाखवता येत नाही.

मूळ नोंदीही मिळवा. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त असतं. जुना आकडा हाताशी नसेल तर तो दोष चुकीच्या माथी जाईल, किंवा खरा दोष ‘हे तर निसर्गाचंच’ म्हणून सुटेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षानुवर्षांच्या असतात, त्या मागून घ्या.

नमुना घेताना

पीएच, तापमान, विद्युत वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचे. बाटलीत प्रवास करून आलेल्या पाण्याचा पीएच हा त्या नाल्याचा पीएच राहत नाही. त्या दिवशी सकाळी पीएचचा मीटर ४, ७ आणि १० च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) तपासा, वाहकतेचा मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने. तपासणीचे आकडे वहीत लिहा. पुढे वाद झाला तर हीच नोंद उपयोगी पडते.

नाल्यात उतरावं लागलं तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, पायांनी उठलेला गाळ मागे जाऊ दे. बिंदू खालून वर घेत जा. साधी प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची. तीन बाटल्या मात्र विसळायच्या नाहीत: आधीच आम्ल घातलेली, जंतुतपासणीची निर्जंतुक, आणि तेल-ग्रीसची. तेल-ग्रीसला रुंद तोंडाची काचेची बाटली लागते आणि तीत थेट पाण्यातूनच भरायचं. बादलीत घेऊन ओतलंत तर तेल बादलीला चिकटून राहतं आणि अहवालात खाण फार स्वच्छ दिसते.

धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि मगच आम्ल घाला. उलट केलंत तर गाळातलं लोह आम्लात विरघळतं आणि नदीत नसलेलं लोह अहवालात येतं.

पिझोमीटरमधलं साचलेलं पाणी खडकातल्या पाण्याचं प्रतिनिधित्व करत नाही. नळीत आहे त्याच्या साधारण तिप्पट पाणी उपसा, पीएच आणि वाहकता स्थिर होऊ द्या, मग नमुना घ्या. उपसण्याआधी पातळी मोजायला विसरू नका.

आता अंतराचा प्रश्न. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने निघालेली बर्फाची पेटी सकाळी ठाण्यात पोहोचते. नायट्रेट आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) यांना ४८ तासांची मुदत असल्यामुळे ते निभतात, पण पेटी उतरली की थेट प्रयोगशाळेत जायला हवी. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत ठेवून चालत नाही. जंतुतपासणीला २४ तासांपेक्षा जास्त वेळ नको, म्हणून ती चंद्रपूर किंवा नागपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. पेटी ४ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे आणि बर्फ वितळून लेबलं धुतली जाता कामा नयेत. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना (त्याच जागी लगेच घेतलेला दुसरा) आणि प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना न्या. हा खर्च वाचवायला सांगणारे वरिष्ठ भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

किती पाणी, हेही मोजा

नुसती गुणवत्ता अर्धी गोष्ट सांगते. तरंगते घन पदार्थ ९० आले म्हणजे मर्यादेत आले खरं, पण दिवसाला किती घनमीटर पाणी त्या ९० सकट नाल्यात गेलं?

नाल्यावर ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी (व्ही आकाराची खाच असलेली आडवी पट्टी) बसवलेली असेल तर हिशेब सोपा आहे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचवा घात काढा आणि १.३८ ने गुणा. प्रवाह घनमीटर प्रति सेकंदात मिळतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३७७ घनमीटर. उंची २० सेंटिमीटर झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, तो साडेपाचपटीहून जास्त होतो. म्हणून उंची मोजण्यातली एका सेंटिमीटरची चूकही महागात पडते. मोजपट्टी खाचेच्या तोंडाशी लावू नका, पाणी तिथे आधीच खाली वाकलेलं असतं. उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजा.

पावसाचा हिशेब तोंडपाठ हवा: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १०० हेक्टरच्या खड्ड्यात एका रात्रीत ५० मिलिमीटर पडला तर ५०,००० घनमीटर. तासाला ५०० घनमीटर उपसणारा पंप ते काढायला १०० तास घेईल, आणि त्या काळात पुन्हा पाऊस येईलच. अशा वेळी कोळसा थांबू नये म्हणून पाणी गाळाच्या तळ्याला चुकवून सरळ नाल्यात सोडण्याचा मोह होतो. संपची साठवण किती, पंप किती आणि तळं किती झेपवेल, हे गणित मे महिन्यात मांडून खाणीच्या व्यवस्थापकासमोर ठेवलं तर जुलैमध्ये तो प्रसंग टळू शकतो.

तळ्याचंही तसंच. ३००० घनमीटरच्या तळ्यात तासाला २५० घनमीटर पाणी येत असेल तर ते १२ तास थांबतं. तळं एक तृतीयांश गाळाने भरलं की ८ तासच. काळ्या मातीचे आणि शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे) बारीक कण एवढ्यात बसत नाहीत. तळ्यातला गाळ पावसाआधी काढला का, हे पाहण्यासाठी काठावरून अंदाज बांधू नका, काठी किंवा दोर टाकून खोली मोजा. कण तरीही बसत नसतील तर तुरटीची मात्रा प्रयोगशाळेत जार टेस्ट करून, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून बघून, ठरवायची. पोतं फोडून ओतणं हा उपाय नव्हे.

आकडे काय सांगतात

अम्लयुक्त पाण्याची भीती सगळ्यांना ठाऊक असते. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या शेलमध्ये पायराईट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. त्याला हवा आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल आणि लोह तयार होतं. आसाम-मेघालयाच्या कोळशात गंधक जास्त आहे, तिथे ही तक्रार जुनी. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे कमी असतं, म्हणून पुष्कळ जण फक्त पीएच बघून समाधान मानतात. पण खडकात चुनखडीचा अंश असेल तर तो आम्ल शमवत राहतो आणि पीएच वर्षानुवर्षं साताच्या आसपास दिसतो. त्या काळात सल्फेट आणि काठिण्य मात्र हळूहळू चढत असतात. एकाच बिंदूचे सल्फेटचे आकडे आलेखावर मांडा. चढण दिसली तर पीएच उतरेपर्यंत वाट पाहू नका. कुठल्या डंपमधून पाणी येतंय ते शोधा आणि पायराईट असलेला खडक आत गाडून वर माती टाकण्याची शिफारस करा.

नायट्रेट हा कोळशाचा गुण नव्हे, तो स्फोटकांतून येतो. खाणीतली बहुतेक स्फोटकं अमोनियम नायट्रेटवर आधारलेली असतात आणि न पेटलेली किंवा सांडलेली भुकटी पाण्यात उतरते. संपमधलं नायट्रेट अचानक वाढलं तर शॉटफायररशी, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या माणसाशी, बोला. स्फोटासाठी पाडलेल्या ओल्या भोकांत चुकीचं स्फोटक जातंय का ते कळेल. विहिरीतलं नायट्रेट मात्र शेतातल्या खतातून किंवा गोठ्यातूनही येऊ शकतं. एक गोंधळ इथे नेहमी होतो. खाणीच्या मानकातला १० हा आकडा ‘नायट्रोजन म्हणून’ आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकातला ४५ हा ‘नायट्रेट म्हणून’. नायट्रोजनला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत. अहवालात कुठलं लिहिलंय ते स्पष्ट करा.

रिकाम्या झालेल्या खड्ड्यात औष्णिक केंद्राची राख भरली जात असेल तर बोरॉन, आर्सेनिक आणि सेलेनियम यादीत वाढवून घ्या.

पातळीचे आकडे वाचताना मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करायची. मंजुरीच्या अटींत सहसा वर्षातून चार वेळा भूजल तपासायचं असतं: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. पातळी जमिनीपासून किती खाली एवढंच न लिहिता समुद्रसपाटीपासूनची उंचीही काढा, तरच पाणी कुठल्या दिशेला उतरतंय ते नकाशावर दिसतं. आणि शेतकऱ्यांनी मोटर सुरू करायच्या आधी पोहोचा. चालू मोटरच्या विहिरीची पातळी नोंदवून काही उपयोग नाही.

स्वतःची काळजी

शिफ्टच्या अधिकाऱ्याला सांगितल्याशिवाय आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय खड्ड्यात जायचं नाही. हेल्मेट, सेफ्टी शूज, चमकणारं जाकीट आणि ब्लास्टिंगची वेळ विचारून घेणं, यांत सूट नाही. हॉल रोडवर डंपरला वाट द्यायची. त्याच्या चालकाला जवळचं माणूस दिसतच नाही. संपच्या काठाचा गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो. काठावरून वाकू नका, लांब दांड्याचा सॅम्पलर वापरा, आणि तरंगत्या पंपावर जावं लागलं तर लाइफ जॅकेट घाला.

अहवाल

मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. प्रत्येक आकड्यासोबत एकक, पद्धत, जागा, तारीख आणि वेळ हवी. यंत्राला न दिसलेला धातू ‘शून्य’ लिहू नका. यंत्र किती खालपर्यंत पाहू शकतं तो आकडा देऊन ‘त्यापेक्षा कमी’ असं लिहा. मर्यादा ओलांडलेला आकडा खोडून पुन्हा नमुना घ्यायला सांगितलं गेलं तर पुन्हा जरूर घ्या, पण दोन्ही आकडे अहवालात ठेवा.

ज्यांच्या विहिरीचा नमुना घेतला, त्या घरी निकालाची प्रत मराठीत पोहोचती करा. तीत चार ओळी पुरतात: पाणी पिण्यायोग्य आहे का, नसेल तर कशामुळे, मागच्या मे महिन्यापेक्षा पातळी किती हलली, आणि पुढचा नमुना कोणत्या महिन्यात घेणार. खाली अहवालावर सही करणाऱ्याचं नाव आणि ऑफिसचा फोन नंबर द्या.